पोवाड्याची प्रत : तबकडीपासून डाउनलोडपर्यंत

रायगड जिल्ह्याच्या पोलादपूर तालुक्यातले उमरठ हे नरवीर तानाजी मालुसरे यांचे गाव म्हणून महाराष्ट्राला ठाऊक आहे. ४ फेब्रुवारी १६७० रोजी, माघ वद्य नवमीच्या रात्री, कोंढाणा म्हणजे आजचा सिंहगड घेताना तानाजींना वीरमरण आले. त्यांचा देह मढे घाटाने कोकणात उतरवून उमरठला आणला, असे परंपरा सांगते. गावात त्यांची समाधी आहे आणि दरवर्षी माघ वद्य नवमीला तिथे लोक जमतात. त्या एका रात्रीची कथा साडेतीनशे वर्षांत अनेक साधनांवर स्वार होऊन फिरली : शाहिराची स्मरणशक्ती, हस्तलिखित, छापील पुस्तक, लाखेची तबकडी, चित्रपटाची फीत, कॅसेट, सीडी, मोबाइलचे मेमरी कार्ड आणि शेवटी इंटरनेट. संगीत, चित्रपट आणि खेळ हातात धरता येणाऱ्या चकतीवर घ्यावेत की डाउनलोड करून घ्यावेत, हा प्रश्न आज जगभर चर्चेत आहे. उमरठच्या पोवाड्याचा प्रवास पाहिला की तो प्रश्न नेमका कशाचा आहे, हे स्पष्ट होते.

तबकडीच्या आधी

तानाजींच्या पराक्रमाचा सर्वांत प्रसिद्ध पोवाडा तुळशीदास शाहिराचा. परंपरेने तो शिवकालीन मानला जातो. मुलगा रायबा याच्या लग्नाची तयारी आणि ती बाजूला ठेवून तानाजींचे मोहिमेवर निघणे हा लोकांच्या मनात ठसलेला प्रसंग याच पोवाड्याने घरोघर नेला. पोवाडा मुळात ऐकण्याचा प्रकार आहे. मुख्य शाहीर डफावर थाप मारतो, तुणतुणे आणि झांज साथीला असतात, झीलकरी सूर उचलून धरतात. शाहीर समोरचा समुदाय पाहून एखादा प्रसंग लांबवतो, एखादा आवरता घेतो. त्यामुळे दोन रात्रींचा पोवाडा सारखा नसे. त्याची प्रत शाहिराच्या आणि गोंधळ्याच्या कंठात होती, आणि शिष्य तयार झाला नाही तर ती त्याच्याबरोबर संपत असे.

हा धोका ओळखून पोवाडे कागदावर उतरवण्याचे मोठे काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाले. मुंबई महानगरपालिकेचे आयुक्त राहिलेले सनदी अधिकारी हॅरी ॲक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी जमवलेल्या पोवाड्यांचा संग्रह १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या निवडक पोवाड्यांचे इंग्रजी पद्य भाषांतर ॲक्वर्थ यांनी १८९४ मध्ये काढले. शब्द वाचले, चाल, थाप आणि झील मात्र कागदावर उतरू शकली नाही.

पोलादपूर परिसराला या बाबतीत आणखी एक दाखला लाभला आहे. ‘शिवभारत’ या संस्कृत काव्याचे कर्ते कवींद्र परमानंद यांची समाधी पोलादपूरला आहे. शिवरायांच्या हयातीत लिहिलेले हे चरित्र महाराष्ट्रात जवळजवळ विसरले गेले होते. सदाशिव महादेव दिवेकर यांना त्याची पोथी तंजावरला मिळाली आणि १९२७ मध्ये ते छापून प्रसिद्ध झाले. ते काव्यही बत्तिसाव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच तुटते. पुढचा भाग आजवर सापडलेला नाही. ज्या भूमीत कवीची समाधी आहे तिथून शेकडो कोस दूर कुणीतरी एक प्रत सांभाळली, म्हणून एवढे तरी हाती आले.

लाखेची तबकडी

भारतात व्यापारी ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये कोलकात्यात सुरू झाले. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गाइसबर्ग यांनी गौहर जान यांचा आवाज मुद्रित केला तो याच दौऱ्यात. सुरुवातीला तबकड्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला छापून येत. १९०८ मध्ये कोलकात्याच्या सियालदह भागात कारखाना उभा राहिला आणि भारतात छपाई होऊ लागली. पुढे १९३५ च्या सुमारास मुंबईतही ‘यंग इंडिया’ या नावाने देशी तबकड्या निघू लागल्या. तबकडी बनवायला लागणारी लाख प्रामुख्याने भारतातूनच, छोटा नागपूरच्या जंगलांतून, जगभर जात असे.

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटे मावत. नाट्यपद किंवा भावगीत या मापात बसले; भावगीताची लांबी तर या मापानेच ठरली. रात्रभर रंगणारा पोवाडा मात्र त्यात मावणे शक्य नव्हते. तबकडीसाठी पोवाडा कापावा लागे, प्रसंग गाळावे लागत आणि एक प्रसंग दोन बाजूंवर वाटावा लागे. कथेचा विस्तार गेला, तरी शाहिराचा प्रत्यक्ष आवाज पहिल्यांदाच त्याच्या मागे उरू लागला.

ग्रामोफोन चावीवर चाले, त्याला वीज लागत नसे. त्यामुळे वीज पोहोचण्याच्या कितीतरी आधी तो गावांत पोहोचू शकला. तरीही डोंगरी भागातल्या शेतकऱ्याला तो परवडणारा नव्हता. सामान्य माणसाच्या कानावर रेकॉर्डी पडल्या त्या लग्नात, जत्रेत आणि गणपतीत. लाऊडस्पीकरवाल्याकडे पेटीभर रेकॉर्डी असत आणि तो त्या गावोगाव घेऊन फिरे. आकाशवाणीवरूनही पोवाडे ऐकू येत, पण रेडिओ ऐकणाऱ्याच्या हातात काही ठेवत नव्हता. कार्यक्रम संपला की आवाज संपला.

अमेरिकेत १९४८ मध्ये लाँग प्ले तबकडी आली आणि एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक ध्वनी मावू लागला. पुढे भारतातही ती रुळली. मराठीत या मापाचा सर्वांत भरदार उपयोग झाला तो ‘शिवकल्याण राजा’मध्ये. शिवराज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीच्या वर्षी, १९७४ मध्ये, ही तबकडी निघाली. हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत, लता मंगेशकर यांचा आवाज, बाबासाहेब पुरंदरे यांचे निवेदन आणि समर्थ रामदास, कवी भूषण, सावरकर, कुसुमाग्रज यांच्या रचना असा तो सलग घाट होता. सुट्या गाण्यांऐवजी एक अखंड कथन ऐकवणे लाँग प्लेमुळेच शक्य झाले.

चित्रपटाची फीत

तानाजींची कथा पडद्यावरही लवकर आली. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी ‘सिंहगड’ हा मूकपट १९२३ मध्ये काढला. रात्रीच्या लढाईसाठी त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. भारतीय चित्रपटाच्या इतिहासात या प्रयोगाची नोंद आहे. प्रभात फिल्म कंपनीचा बोलपट ‘सिंहगड’ १९३३ मध्ये व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केला. त्याला आधार होता हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला, पण सिंह गेला’ या कादंबरीचा.

त्या काळची फीत नायट्रेटची असे. ती सहज पेट घेई आणि उष्ण, दमट हवेत विरघळून चिकट होई. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, त्यांतले मोजकेच आज पाहता येतात. चित्रपट जतन करण्यासाठी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये सुरू झाले, तोवर बरेच काही हातचे गेले होते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातल्या नायट्रेट फितींच्या कोठाराला आग लागली आणि जपलेला साठाही मोठ्या प्रमाणात नष्ट झाला. चित्रपटाच्या प्रती थोड्या होत्या आणि त्या मोजक्या ठिकाणी होत्या. प्रेक्षकाच्या घरी चित्रपटाची प्रत कधीच नव्हती, हे या नाशाचे मूळ कारण.

कॅसेट आणि चाकरमानी

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणलेली कॅसेट भारतीय खेड्यांत १९८० च्या दशकात पसरली. महाड-पोलादपूरच्या गावांतून मुंबईला कामाला गेलेले चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला घरी येत, तेव्हा टेपरेकॉर्डर आणि कॅसेटी बरोबर आणत. टेप बॅटरीवर चाले, तबकडीसारखी फुटत नसे, आणि साठ मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला अर्धा तास सलग मावे. पोवाड्याला हे माप मानवले. शाहीर बाबासाहेब देशमुख यांच्यासारख्यांचे शिवकालीन प्रसंगांवरचे पोवाडे कॅसेटवरून गावोगाव ऐकले गेले.

कॅसेटने केलेला खरा बदल वेगळाच होता. तबकडी छापायला कारखाना लागे. कॅसेट भरायला फक्त एक यंत्र पुरे. आतापर्यंत ऐकणारा असलेला माणूस मुद्रण करणारा झाला. शक्ती-तुऱ्याची, म्हणजे दोन पक्षांच्या गाण्याच्या सामन्याची, बारी रंगली की रंगमंचाजवळ टेप ठेवली जाई, आणि त्या रात्रीची सवाल-जवाबाची गाणी मुंबईच्या चाळीतल्या खोलीत पुन्हा ऐकली जात. कोलकात्याच्या किंवा मुंबईच्या कंपनीला ज्यात कधी रस वाटला नसता, अशी जाखडीची, नमनाची, भजनाच्या डबलबारीची मुद्रणे अशी घराघरांत झाली.

महाड तालुक्यात मोठे जनसमुदाय जमतात ते मुख्यतः दोन निमित्तांनी : २० मार्चला चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या स्मरणासाठी आणि जून महिन्यात रायगडावर शिवराज्याभिषेकासाठी. अशा मेळ्यांत पुस्तकांच्या आणि प्रतिमांच्या शेजारी गाण्यांची दुकाने लागतात. भीमगीते काय किंवा पोवाडे काय, ही गाणी रेडिओवर क्वचित वाजत. कॅसेटने त्यांना स्वतःची बाजारपेठ दिली. कॅसेट स्वस्त होती आणि तिची नक्कल त्याहून स्वस्त. कलावंताचे मानधन बुडाले, पण प्रतींची संख्या वाढली. आज जुन्या लोकगायकांची जी मुद्रणे हाती लागतात, त्यांतली कितीतरी अशाच नकलांच्या नकला आहेत.

चकतीचे दशक

१९८२ मध्ये जपानमध्ये विक्रीला आलेली कॉम्पॅक्ट डिस्क बारा सेंटिमीटर व्यासाची होती आणि तिच्यावर सुमारे ७४ मिनिटांचा ध्वनी मावे. तिच्यावर ध्वनी आकड्यांच्या रूपात साठवलेला असल्याने नक्कल मूळ प्रतीइतकीच स्वच्छ निघू लागली. १९९३ मध्ये व्हीसीडीचे मानक ठरले, १९९५ मध्ये डीव्हीडीचे. युरोप-अमेरिकेने व्हीसीडीकडे फारसे लक्ष दिले नाही. भारत आणि पूर्व आशियाने ती उचलली, कारण तिचा प्लेअर स्वस्त होता आणि घासलेली चकतीही तो बऱ्यापैकी चालवत असे. हिंदी चित्रपट दोन किंवा तीन चकत्यांवर येई आणि मध्येच उठून चकती बदलावी लागे.

पोवाडा, नमन आणि शक्ती-तुरा आता पाहण्याची वस्तू झाली. छोट्या निर्मात्यांनी कोकणातल्या शाहिरांच्या आणि बुवांच्या व्हीसीडी काढल्या. चित्रीकरण साधे असे, पण हातवारे, वेश आणि नाचाची पावले पहिल्यांदाच नोंदली गेली. दुसरीकडे एमपी३ पद्धतीने ध्वनी लहान आकारात बसवणे शक्य झाले. एका सीडीत दीडशे गाणी मावू लागली आणि बाजारात अशा चकत्यांचे ढीग लागले.

२००७ मध्ये नोएडाच्या मोझर बेअर कंपनीने चित्रपटांची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. चोरट्या चकतीच्या जवळपासच्या किमतीत अधिकृत चकती मिळू लागली आणि सामान्य घरात चित्रपटांचा स्वतःचा संग्रह तयार होऊ लागला. हा काळ फार टिकला नाही. मुंबईच्या काळा घोडा भागातले ऱ्हिदम हाउस हे संगीताचे जुने दुकान फेब्रुवारी २०१६ मध्ये बंद झाले आणि मोझर बेअर २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली.

कार्ड, डाउनलोड आणि प्रवाह

चकती आणि इंटरनेट यांच्यामध्ये ग्रामीण महाराष्ट्राने एक स्वतंत्र टप्पा पाहिला. साध्या मोबाइलमध्ये मेमरी कार्ड आले, पण इंटरनेट महाग आणि संथ होते. तेव्हा बाजारपेठेतल्या मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात गाणी भरून मिळू लागली. दुकानदाराच्या संगणकात हजारो गाणी असत. गिऱ्हाईक कार्ड देई, वीस-तीस रुपयांत ते भरून घेई. गावी गेल्यावर तीच गाणी ब्लूटूथने एका मोबाइलवरून दुसऱ्यावर जात. कलावंताला यातून काहीच मिळत नव्हते. तरी प्रत ज्याच्या खिशात, गाणे त्याचे, ही स्थिती अजून कायम होती.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली, डेटा स्वस्त झाला आणि हा टप्पा मागे पडला. ऐकणारा आता प्रत बाळगेनासा झाला. गाणे कुठेतरी दूरच्या यंत्रावर असते आणि लागेल तेव्हा प्रवाहासारखे येते. १० जानेवारी २०२० रोजी ओम राऊत दिग्दर्शित ‘तान्हाजी’ चित्रपटगृहांत आला आणि पुढे हॉटस्टारवरून घरोघर पाहिला गेला. त्याच्या निमित्ताने मोबाइलवर खेळायचा गेमही आला. तोही थेट फोनवर उतरवून घ्यायचा होता. २५ ऑगस्ट २०२३ रोजी दिग्पाल लांजेकर यांचा तानाजींवरचाच मराठी ‘सुभेदार’ आला. १९२३ च्या ‘सिंहगड’पासून ‘सुभेदार’पर्यंत बरोबर शंभर वर्षे होतात.

या बदलाचा लाभ खरा आणि मोठा आहे. एखाद्या वाडीवरचा तरुण शाहीर आपला पोवाडा यूट्यूबवर टाकतो आणि तो त्याच दिवशी मुंबईत, आखातात आणि अमेरिकेत ऐकला जातो. लांबीचे बंधनही संपले : तीन मिनिटांत कापलेला पोवाडा पुन्हा तासभर गाता येतो. दुर्मीळ तबकड्या ज्यांनी जपल्या त्या संग्राहकांनी त्यातले ध्वनी सर्वांसाठी खुले केले आहेत.

मालकी कोणाची

चकती आणि डाउनलोड यांतला मूळ फरक मालकीचा आहे. चकती विकत घेणारा त्या प्रतीचा मालक होतो. ती तो जपतो, मित्राला देतो, मुलांसाठी ठेवून जातो. डाउनलोड किंवा प्रवाहाच्या बाबतीत बहुतेक सेवांच्या अटींनुसार त्याला मिळतो तो फक्त वापराचा परवाना. सेवा बंद झाली, करार संपला किंवा कंपनीचे धोरण बदलले की तो परवाना निरुपयोगी ठरू शकतो. निन्टेंडोने मार्च २०२३ मध्ये आपल्या दोन जुन्या यंत्रांची ऑनलाइन दुकाने बंद केली आणि तिथे केवळ डाउनलोडने मिळणारे खेळ विकत घेणे अशक्य झाले. चकती असली म्हणजे निर्धास्त, असेही नाही. युबिसॉफ्टच्या ‘द क्रू’ या मोटारशर्यतीच्या खेळाचा सर्व्हर मार्च २०२४ च्या अखेरीस बंद झाला, तेव्हा ज्यांच्याकडे त्याची चकती होती त्यांनाही तो खेळता येईना, कारण खेळ सर्व्हरशी जोडल्याशिवाय चालतच नव्हता.

निसर्गाचा हिशेबही दोन्ही बाजूंना आहे. महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पावसाळ्यात कॅसेटच्या फितीवर बुरशी धरते, चिकटलेली फीत टेपरेकॉर्डरच्या हेडमध्ये अडकते, घरी भरलेल्या सीडीचा थर खराब होतो. २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाड शहर पाण्याखाली गेले आणि घरांतल्या, दुकानांतल्या वस्तूंचा चिखल झाला. अशा वेळी दूरच्या यंत्रावर असलेली प्रत सुरक्षित राहते. पण त्याच पुरात वीज आणि फोनही बंद पडले. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली, तिची बातमी बाहेर पोहोचायलाही वेळ लागला. जाळे तुटले की प्रवाह थांबतो.

कायद्याची बाजू अपुरी आहे. १९५४ च्या कायद्याने भारतात प्रकाशित होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत ठरावीक ग्रंथालयांना देणे प्रकाशकावर बंधनकारक केले. नंतर त्यात वृत्तपत्रे आली. तबकडी, कॅसेट, सीडी आणि डाउनलोड त्यात नाहीत. ध्वनिमुद्रणाचे स्वामित्व प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे चालते, म्हणजे १९७४ च्या ‘शिवकल्याण राजा’चे मुद्रण २०३४ च्या अखेरीपर्यंत संरक्षित आहे. तोवर प्रत सांभाळणारा कुणी असेल तरच पुढे ते लोकांचे होण्याला अर्थ आहे.

साधने बदलत राहतील, आणि एकाच साधनावर विसंबलेली कलाकृती त्या साधनाबरोबर जाते. तुळशीदासाचा पोवाडा टिकला, कारण तो अनेक कंठांत होता आणि वेळेवर कागदावर उतरला. ‘शिवभारत’ महाराष्ट्रात जवळजवळ विसरले गेले, तरी दूर जपलेल्या एका प्रतीमुळे हाती आले. जुने मूकपट गेले, कारण प्रती थोड्या आणि मोजक्याच ठिकाणी होत्या. कोकणातल्या बुवांची आणि शाहिरांची जी मुद्रणे आज जुन्या कॅसेटींत आणि व्हीसीडींत पडून आहेत, त्यांना हाच नियम लागू आहे. पोलादपूर-महाडच्या शाळा, ग्रंथालये आणि गावमंडळांनी त्या गोळा कराव्यात. प्रत्येकीवर शाहिराचे नाव, गाव आणि साल लिहावे. तिची एक प्रत संगणकावर, एक गावाबाहेरच्या सुरक्षित ठिकाणी आणि एक इंटरनेटवर ठेवावी, आणि मूळ कॅसेट किंवा चकती फेकू नये. हे काम फार खर्चाचे नाही, पण ते फितीवरची बुरशी वाढण्याच्या आत व्हायला हवे.